खिडकीची आतली बाजू

निवृत्तीच्या दिवशी माणसास काय द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. कारण शाल आणि श्रीफळ हे त्याचे उत्तर आपल्या समाजाने केव्हाच ठरवून टाकले आहे. आम्ही शाळेतून निवृत्त झालो तेव्हा आम्हांस तीन शाली आणि भिंतीवरचे एक घड्याळ मिळाले. शाली अजून ट्रंकेत आहेत. घड्याळ चालते, परंतु ज्या मनुष्यास उद्यापासून कोठेही वेळेवर जावयाचे नाही त्यास घड्याळ देण्यात काय औचित्य आहे, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही.

यंदा असाच प्रसंग आमच्या घरात आला. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नी ३१ ऑगस्ट २०२५ रोजी टपाल खात्यातून निवृत्त झाल्या. घरातील मुले त्यांस काकू म्हणतात, म्हणून येथे आम्हीही तेच नाव योजतो. १९८८ साली त्या नोकरीस लागल्या. म्हणजे एकंदर सदतीस वर्षे झाली. त्यांस बाजारातील वस्तू देऊ नये असे आमच्या मनाने घेतले. त्यांनी जेथे काम केले ती खोलीच कागदाची करून द्यावी, असे ठरले. ती कशी केली, आणि करता करता आम्हांस काय कळले, या दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

कागदाच्या वास्तू करण्याची विद्या नवी नव्हे. जपानात एदो काळी छापील चित्रे कापून, दुमडून, त्यांतून नाटकांतील व लोकजीवनातील देखावे उभे करीत. त्या प्रकारास 'तातेबान्को' म्हणतात. तेथील चहागृहांचे आराखडेही असे काढीत, की घडी उलगडून भिंती उभ्या केल्या म्हणजे सबंध खोली हातात यावी. जर्मनीत एस्लिंगेन येथील श्रायबर यांच्या छापखान्याने मुलांसाठी किल्ले व घरे यांचे छापील कागद काढून एकोणिसाव्या शतकात मोठे नाव मिळविले. आपल्याकडे दिवाळीचा किल्ला मातीचा असला तरी आकाशकंदील व गणपतीचे मखर ही कागदाचीच कामे होत. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याचे मखर पुन्हा घरोघर दिसू लागले. तेव्हा ज्या घरात मखर होते, त्या घरात खोली होण्यास हरकत नाही.

पहिली गोष्ट मापाची. वास्तुविद्येवरील एका प्रसिद्ध संस्कृत ग्रंथाचे नावच मुळी 'मानसार', म्हणजे मापांचे सार, असे आहे. आम्ही फुटास इंच हे प्रमाण धरले. लंडनमध्ये राणी मेरीसाठी १९२४ साली पुऱ्या झालेल्या बाहुलीघरासही हेच प्रमाण आहे. त्याचे रचनाकार लट्यन्स, म्हणजे ज्यांनी नवी दिल्लीची आखणी केली तेच गृहस्थ. या प्रमाणाची सोय अशी, की चौदा फूट लांब, दहा फूट रुंद व अकरा फूट उंच खोली तितक्याच इंचांची होते, आणि गणितात कच्चे असलेले मूलही मापे चुकत नाही.

परंतु मापे घ्यावयाची तर खोलीत जावयास हवे. येथेच आमची पहिली फजिती झाली. या पोस्टात आम्ही शेकडो वेळा गेलो असू. डोळे मिटून खोलीचे चित्र काढावयास बसलो, तेव्हा कागदावर उतरले ते एवढेच: एक खिडकी, तिचे गज आणि गजांमागे काकूंचा हात. खिडकीच्या आत काय आहे याची आम्हांस काडीइतकी कल्पना नव्हती. अखेर जुलैत एके दिवशी काकू रजेवर असताना, पोस्टमास्तरांस विश्वासात घेऊन, सायंकाळी व्यवहार आटोपल्यावर अर्ध्या तासापुरती आत जाण्याची अनुमती मिळविली. बरोबर फीत आणि वही होती. नातू पेन्सिल घेऊन होता.

आत पाहिले ते असे. डाव्या हातास टपाल वेगळे करण्याचे लाकडी खण, आठ रांगा आणि प्रत्येकीत सहा, एकूण अठ्ठेचाळीस. भिंतीवर एक चौकोनी फिकट डाग. तेथे पूर्वी तारघराची पाटी असे. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली आणि पाटी उतरली, डाग मात्र राहिला. शेजारी पिनकोडांचा तक्ता. हा सहा आकडी क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे सांगताना आमच्यासारख्या संस्कृत शिकविणाऱ्यास थोडा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. मेजावर संगणक, छपाईयंत्र, तारखेचा शिक्का. पाठीमागे पश्चिमेची खिडकी. दुपारचे ऊन नेमके बसणाराच्या पाठीवर यावे अशी. त्या खिडकीस एका जुन्या लुगड्याचा पडदा होता.

टेबलाची उंची बेचाळीस इंच भरली. त्यासाठी खुर्चीही उंच; इतकी की आम्ही बसून पाहिले तो आमचे पाय जमिनीस नीट टेकेनात, आणि काकू आमच्याहून चांगल्या अर्ध्या फुटाने ठेंगण्या. पाय ठेवण्यासाठी खाली काही आहे काय म्हणून वाकून पाहिले. तेथे दोन विटांवर एक पाट ठेवला होता. सागवानी, पितळी फुल्यांचा, एका कोपऱ्यास शेगडीने जळाल्याचा वाटोळा काळा डाग असलेला.

तो पाट आमच्या घरचा होता.

येथे थोडे मागे जावे लागते. १९८९ साली काकू लग्न होऊन घरी आल्या, तेव्हा त्यांनी नोकरी सोडावी असा विषय निघाला. त्या वेळी, सुनेने खिडकीत बसून तिकिटे विकावीत इतकी वेळ आपल्या घरावर आलेली नाही, असे उद्गार ज्याने काढले तो मनुष्य आमचे वडील नव्हेत, बंधूही नव्हेत, ते आम्हीच. तीर्थरूपांनी वर्षभर पाहू म्हणून विषय मिटविला. मातोश्री काहीच बोलल्या नाहीत. पुढे आमच्या शाळेचे अनुदान अडकले आणि चौदा महिने आम्हांस पगार मिळाला नाही. त्या चौदा महिन्यांचा वाणसामान व दूध यांचा खर्च त्याच खिडकीने चालविला. आम्ही आपले शब्द पुन्हा कधी उच्चारले नाहीत. पण परतही घेतले नाहीत. आजोबांच्या वेळचे आमचे बारा पाट. त्यांतील एक १९९० च्या सुमारास नाहीसा झाला, तेव्हा आम्ही मुलांवर बराच तोंडपट्टा चालविला होता. "असेल कोठेतरी, घरचाच आहे, जाईल कोठे?" एवढेच आई म्हणाली होती.

पोस्टातून परत येताना नातवाने विचारले, "आजोबा, पाटाचं माप लिहू का?" आम्ही म्हणालो, "लिही. अठरा इंच बाय बारा."

आता कृती. साहित्य साधे: वहीबांधणीचा जाड पुठ्ठा, कार्डशीट, खाकी कागद, पोलादी पट्टी, धारेचे कटर, गव्हाच्या पिठाची खळ आणि सांध्यांसाठी फेव्हिकॉल. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. परंतु तो विषारी, आणि घरात लहान मुले, यास्तव आम्ही तो वर्ज्य केला व खळ रोज ताजी शिजविली.

कागदास लाकडासारखे तंतू असतात. पत्रक दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावे. ज्या बाजूने सहज वाकते त्या दिशेस घडी स्वच्छ पडते, आडव्या दिशेस ती फाटल्यासारखी होते. घडीपूर्वी पट्टी लावून संपलेल्या रिफिलीच्या टोकाने रेघ दाबावी. पुठ्ठा कापताना एका दमात जोर लावू नये; हलक्या हाताने आठदहा वेळा कटर फिरवावे. कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटविण्याआधी रंगवाव्या, नाहीतर सारी खोली कागदाची असल्याचे त्या ओरडून सांगतात.

आमची पहिली भिंत श्रावणात धनुष्यासारखी वाकली. कारण पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस खळीने कागद लावला होता. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्यास आपल्याकडे ओढतो. उपाय असा, की दोन्ही बाजूंस सारखाच कागद लावावा आणि वजनाखाली दोन दिवस ठेवावे. आम्ही आपट्यांचा संस्कृत कोश ठेवला. तो इतक्या वर्षांनी घरातील सर्वांच्या उपयोगी पडला, असे सूनबाईंचे म्हणणे पडले.

खणांचे काम दिसावयास अवघड, पण युक्ती सोपी आहे. सात आडव्या व पाच उभ्या पट्ट्या घेऊन, जेथे त्या एकमेकींस छेदतात तेथे प्रत्येकीस अर्ध्या रुंदीपर्यंत खाच पाडावी, उभीस एका बाजूने, आडवीस दुसऱ्या बाजूने, आणि त्या परस्परांत बसवाव्या. एकूण सत्तर खाचा होतात. भोवती चौकट घातली की अर्ध्या अर्ध्या इंचाचे अठ्ठेचाळीस खण तयार. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी; अधिक झाल्यास खण डुलतात. हे काम नातीने केले. गज करण्यासाठी कागदाची अरुंद पट्टी खळीत भिजवून विणावयाच्या सुईवर तिरपी गुंडाळली. वाळल्यावर ती तारेसारखी ताठ होते. थैल्या खाकी कागद चुरगाळून केल्या. पडदा मात्र कागदाचा नव्हे; लुगड्याच्या जुन्या चौघडीतील दोन बोटे कापड सूनबाईंनी न विचारता कापून आणले.

समोरची भिंत व छप्पर आम्ही मुद्दाम ठेविले नाही. पाहणाऱ्याने काकूंच्या पाठीमागून, आतल्या बाजूने पाहावे, अशी योजना केली. पाट सर्वांत शेवटी केला: दीड इंच लांब, एक इंच रुंद, चार पदरी कार्डशीटचा. कोपऱ्यावरचा डाग उदबत्तीच्या टोकाने पाडला.

निवृत्तीचा दिवस रविवार होता आणि त्याच दिवशी ज्येष्ठागौरींचे आवाहन. गौरी घरात आल्या, आरती झाली, तेव्हा मुलांनी खोली आणून काकूंपुढे ठेविली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गज निळे नव्हते हो दादा, हिरवे होते. गेल्या वर्षी रंगवले, तेव्हा निळे झाले." थोड्या वेळाने टेबलाखाली बोट नेऊन म्हणाल्या, "हा आईंनी दिला होता. म्हणाल्या, पाय लोंबते ठेवून नोकरी होत नाही. दादांना सांगू नकोस म्हणाल्या."

आम्ही म्हणालो, "आम्ही सदतीस वर्षे खिडकीच्या बाहेर उभे होतो. १९८९ साली जे बोललो ते बोलावयास नको होते." असे वाक्य जुळवावयास आम्हांस सबंध श्रावण लागला होता, आणि ते उच्चारताना घसा कोरडा पडला. काकूंनी "असू द्या" असे म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "मला ते वाक्य अजून पाठ आहे." मग त्यांनी खोली उचलून गौरींच्या शेजारी ठेविली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी यंदा निवृत्ती असेल तर दोन महिने आधी कामास लागावे, पावसाळ्यात वाळण्यास दुप्पट वेळ धरावा, आणि तयार झालेली वस्तू उन्हापासून व ओलीपासून जपण्यासाठी काचेची पेटी करावी. मापे मात्र प्रत्यक्ष जाऊन घ्यावी, आणि वाकून मेजाखालीही पाहावे.

जुना पाट काकूंनी शनिवारीच पिशवीतून घरी आणून माजघरात ठेविला होता. कोणाच्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी गौरीपूजनाच्या पंगतीस पुरे बारा पाट मांडले गेले. बाराव्यावर काकूंस बसविले आणि वाढावयास आम्ही उभे राहिलो. पानात मीठ वाढावयाचे आम्ही विसरलो. तेवढे सोडल्यास कार्य यथासांग पार पडले.