उद्याच्या खेळाडूचा आजचा भाव

१९९१ साली डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी एक तक्ता तयार केला. मॅकॉय शिक्षणानं इंजिनियर, संघमालक जेरी जोन्स यांचे तेल आणि वायूच्या धंद्यातले सोबती. नव्या खेळाडूंच्या निवडीच्या दिवशी दुसऱ्या संघाचा फोन येई, 'आमचा हा क्रमांक घ्या, तुमचा तो द्या' असा प्रस्ताव समोर येई आणि होय की नाही हे काही मिनिटांत ठरवावं लागे. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांना त्या घाईत हाताशी धरता येईल असं काहीतरी हवं होतं. मॅकॉय यांनी १९८७ ते १९९० या काळात संघासंघांत झालेले सौदे गोळा केले, त्यांतून एक उतरती रेषा काढली आणि प्रत्येक क्रमांकाला गुण दिले. पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०, चौसष्टाव्याला २७०. शेवटाकडे येईतो दोन-चार गुण उरत.

हा तक्ता कोणता क्रमांक किती मोलाचा आहे हे सांगत नव्हता. लोक त्यासाठी आजवर काय मोजत आले, एवढंच तो सांगत होता. पण काउबॉइज जिंकू लागले, त्यांच्याकडचे लोक इतर संघांत मोठ्या जागांवर गेले, जाताना तक्ताही घेऊन गेले. बघता बघता साऱ्या लीगमध्ये तोच बाजारभाव झाला. भावाची नोंद आणि खरी किंमत यांतलं अंतर मोजायला पुढची कित्येक वर्षं कुणी बसलं नाही.

आधी रीत सांगायला हवी. हा फुटबॉल गोव्यात वा कोल्हापुरात खेळतात तो नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडूनं खेळला जाणारा अमेरिकेचा खेळ. त्याच्या 'नॅशनल फुटबॉल लीग'मध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून येणारे खेळाडू दरवर्षी एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट'मधून वाटले जातात. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. इथे बोलीच नाही. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत तळाला राहिला त्याला पहिली निवड आणि विजेत्याला फेरीतली शेवटची. अशा सात फेऱ्या. निवडलेल्या खेळाडूला स्वतःहून दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. मोजके श्रीमंत संघच चांगले खेळाडू पळवतात आणि बाकीचे बुडतात, ही त्यांची तक्रार होती. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. बेल यांच्याच संघानं पहिल्या क्रमांकावर जे बरवॅंगर यांना निवडलं आणि त्यांच्यावरचा हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकला. बरवॅंगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत. म्हणजे या पद्धतीतली पहिलीवहिली निवडच वाया गेली आणि हक्काची देवघेवही पहिल्याच वर्षी सुरू झाली.

ही देवघेव पाहणारा माणूस म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर. त्याच्या हातात यंदाचे क्रमांक असतात, तसेच पुढच्या वर्षांचेही. पुढच्या वर्षीचा क्रमांक नेमका कितवा, हे कुणालाच ठाऊक नसतं. देणारा संघ त्या हंगामात किती हरतो यावर ते ठरतं. इथेच सगळा खेळ आहे.

काउबॉइजचं उदाहरण या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं. १९८९ मध्ये जोन्स यांनी संघ विकत घेतला तेव्हा तो गाळात होता. त्या हंगामात त्यांनी १६ पैकी एकच सामना जिंकला. संघाकडे मोलाचं असं एकच नाव होतं, धावपटू हर्शेल वॉकर. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी जॉन्सन आणि जोन्स यांनी तेच मिनेसोटा व्हायकिंग्सना देऊन टाकलं. व्हायकिंग्सचे माइक लिन यांना वाटत होतं की एका वॉकरमुळे आपण अजिंक्यपदापर्यंत पोहोचू. बदल्यात त्यांनी पाच खेळाडू दिले आणि त्या खेळाडूंना क्रमांकांची जोड दिली: डॅलसनं खेळाडू सोडून दिला, तर त्याच्याऐवजी क्रमांक मिळणार. लिन यांची समजूत होती की डॅलसला खेळाडू हवे आहेत. जॉन्सन यांचा डोळा पहिल्यापासून क्रमांकांवर होता. अखेरीस पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी डॅलसकडे आल्या. त्यांची पुन्हा अदलाबदल करत एमिट स्मिथ आणि डॅरेन वुडसन यांच्यासारखे खेळाडू संघात आले. १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, डॅलसनं जिंकला. वॉकर मिनेसोटात तीन हंगाम राहिले, पण तिथे एकाही हंगामात त्यांच्या हजार यार्ड धावा झाल्या नाहीत.

यातून लीगनं कोणता धडा घ्यायला हवा होता? अनेक संधी या एका हमखास वाटणाऱ्या नावाहून मोलाच्या असतात, हा. प्रत्यक्षात तक्ता उचलला गेला, धडा मागे राहिला. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एका धावपटूसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्याच्या सगळ्या निवडी वॉशिंग्टनच्या संघाला दिल्या. शिवाय २००० सालची पहिली आणि तिसरी फेरीही. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर डिटका आणि नवरीच्या वेशातले विल्यम्स असं छायाचित्र झळकलं. सेंट्सनी त्या हंगामात १६ पैकी तीन सामने जिंकले आणि डिटका यांची नोकरी गेली. संघ इतका खाली गेल्यामुळे वॉशिंग्टनला मिळालेला पुढच्या वर्षीचा क्रमांक थेट दुसरा निघाला.

किमतीचा हिशेब शेवटी अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा 'द लूझर्स कर्स' हा शोधनिबंध २००५ मध्ये प्राथमिक रूपात आला आणि २०१३ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. दोघांनी प्रश्न सरळ विचारला: या क्रमांकाचा खेळाडू मैदानावर जे देतो त्यातून त्याचा पगार वजा केला, तर संघाच्या पदरात काय पडतं? लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा आहे, म्हणून हा प्रश्न कळीचा. उत्तर धक्कादायक होतं. सर्वांत वरचे क्रमांक सर्वांत फायद्याचे नव्हतेच. पहिल्या फेरीत जसं खाली यावं तसा संघाला मिळणारा नफा वाढत जात होता. हरलेल्या संघाला मदत म्हणून दिलेली पहिली निवड त्याच्याच गळ्यात अडकत होती.

त्याच निबंधातला एक आकडा प्रत्येक जनरल मॅनेजरच्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखा आहे. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडलेला, दुसरा त्याच्या लगेच नंतर. आधी निवडलेला सरस ठरण्याचं प्रमाण सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीहून थोडंसंच बरं. निवड करणारे अडाणी नसतात. ते वर्षभर सामने पाहतात, मुलाखती घेतात, स्टॉपवॉच लावून धावा मोजतात. बाविशीतला मुलगा पंचविशीत कसा खेळेल हे सांगणंच मुळात अवघड आहे. चूक आहे ती त्या अंदाजावरच्या अवाजवी विश्वासात.

दुसरा शोध उधारीचा. बाजारात रूढी अशी की यंदा दुसऱ्या फेरीची निवड हवी असेल तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची द्यायची. हे व्याज काढलं तर वर्षाला शंभर टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातं. गावचा सावकारही इतकं मागायला लाजला असता. तरी घेणारे रांगेत उभे असतात. कारण उघड आहे: पुढच्या वर्षी आपण त्या खुर्चीत असू की नाही, याची मॅनेजरला खात्री नसते. कर्ज संघाच्या नावावर, घाई त्याची स्वतःची.

वॉशिंग्टनचे तेव्हाचे मालक डॅन स्नायडर यांना या संशोधनाबद्दल थेलर यांच्याकडून समोरासमोर ऐकायला मिळालं होतं. 'मिसबिहेविंग' या पुस्तकात थेलर यांनी ती हकिकत सांगितली आहे. संघानं सल्ल्याच्या नेमकं उलट केलं. २०१२ मध्ये तर वॉशिंग्टननं रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूसाठी, सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर उडी घेतली. सेंट लुइस रॅम्सना दिलं काय? सहावा क्रमांक, त्याच वर्षीची दुसऱ्या फेरीची निवड, आणि २०१३ व २०१४ च्या पहिल्या फेऱ्या. मॅकॉय यांच्या तक्त्यानं पाहिलं तरी फरक हजार गुणांचा होता. दुसऱ्या फेरीतला ३९वा क्रमांक ५१० गुणांचा, त्यावर दोन पहिल्या फेऱ्या म्हणजे महागड्या तक्त्यालाही महाग. ग्रिफिन पहिल्या वर्षी चमकले, जानेवारी २०१३ मध्ये त्यांचा गुडघा गेला आणि ते पूर्वीचे राहिले नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनच्या मैदानावर खेळायला आले, तेव्हा नाणेफेकीसाठी त्यांनी सहा कर्णधार पाठवले. सहाही जण त्या सौद्यातून मिळालेल्या क्रमांकांवर घेतलेले. सामना रॅम्सनी २४–० असा जिंकला.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहील. रॅम्सनी २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत एकदाही पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नाहीत. वॉशिंग्टनच्या २०१४ च्या दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी घेतलेला ग्रेग रॉबिन्सन अपेक्षेला उतरला नाही. सौदा जिंकणं आणि माणूस ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिल्यानं फक्त दुसऱ्यासाठी जास्त संधी मिळतात.

लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११ च्या कामगार करारानं नवख्यांच्या पगाराचं गणित बदललं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल झाले, त्यांतले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. वरचे क्रमांक एकदम स्वस्त झाले, विशेषतः क्वार्टरबॅकसाठी. २०२४ चा पहिला क्रमांक केलेब विल्यम्स याचा चार वर्षांचा करार जवळपास ३ कोटी ९५ लाख डॉलरचा आहे; त्याच साली डॅलसचा अनुभवी क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याचा करार वर्षाला ६ कोटींचा झाला. म्हणून क्वार्टरबॅकसाठी उडी मारणं सरसकट वेडेपणा म्हणता येत नाही. कॅन्सस सिटी चीफ्सनी २०१७ मध्ये २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर येण्यासाठी तिसऱ्या फेरीची एक निवड आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी दिली आणि पॅट्रिक माहोम्स घेतला. त्यानंतर तीन सुपर बोल आले. त्याच दिवशी शिकागोनं तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, फक्त एक पायरी चढण्यासाठी तीन निवडी मोजल्या आणि मिच ट्रुबिस्की घेतला.

आज बहुतेक संघांकडे स्वतःचे तक्ते आहेत, आणि दोन तक्त्यांमधल्या फरकातच सौदे जुळतात. २०२२ मध्ये मिनेसोटाचे नवे जनरल मॅनेजर क्वेसी अडोफो-मेन्सा यांनी १२ आणि ४६ हे क्रमांक डेट्रॉइटला देऊन ३२, ३४ आणि ६६ घेतले. अडोफो-मेन्सा पूर्वी वॉल स्ट्रीटवर होते. जुन्या तक्त्यानुसार त्यांनी १६४० गुण देऊन १४१० घेतले, म्हणजे फसले. खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवर बेतलेल्या नव्या तक्त्यांत खालच्या क्रमांकांना जास्त वजन असतं, त्यामुळे हा तोटा तिथे जवळजवळ दिसत नाही. डेट्रॉइटनं बाराव्यावर जेमसन विल्यम्स घेतला; मिनेसोटानं ३२व्यावर घेतलेल्या लुइस सीनचा पाय त्याच वर्षी लंडनमधल्या सामन्यात मोडला. पण पाय मोडणं कोणत्याच तक्त्यात नसतं. एका निकालावरून निर्णयाचा दर्जा ठरवणं अन्यायाचं आहे.

लेस स्नीड यांचा मार्ग मात्र सर्वांत विचार करायला लावणारा. २०१२ मध्ये वॉशिंग्टनकडून निवडींचा तो डोंगर घेणारे रॅम्सचे जनरल मॅनेजर हेच. २०१६ नंतर त्यांनी पहिल्या फेरीच्या निवडी तयार खेळाडूंच्या बदल्यात विकायचा सपाटा लावला. जेलेन रॅम्झीसाठी दोन, मॅथ्यू स्टॅफर्डसाठी दोन. २०१७ ते २०२३ या सात वर्षांत रॅम्सनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला आणि मिरवणुकीत स्नीड निवडींना शिवी देणारा टी-शर्ट घालून फिरले. लोकांनी त्यांना उधळ्या ठरवलं. माझं मत वेगळं आहे. बाजार पहिल्या फेरीला जास्त भाव देतो म्हणून ती विकायची आणि खालच्या फेऱ्यांत जास्तीत जास्त संधी साठवायच्या, हे मॅसी-थेलर यांच्या निष्कर्षाला धरूनच आहे. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर, त्यांनी घेतलेला आणि पुढे चमकलेला पुका नाकुआ त्याच साठ्यातला. दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीही २००० साली १९९वा होता, हे इथे आठवायला हरकत नाही.

किंमत मोजावी लागलीच. २०२२ च्या हंगामात रॅम्स १२ सामने हरले आणि स्टॅफर्डच्या बदल्यात डेट्रॉइटला दिलेला क्रमांक सहावा निघाला. डेट्रॉइटचे ब्रॅड होम्स हे स्नीड यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी तो सहावा क्रमांकही विकला, खाली सरकले आणि जाहमिर गिब्ज व सॅम लापोर्टा हे दोघं मिळवले.

तरी उधारीचा मोह सुटलेला नाही. मार्च २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सचे स्कॉट फिटरर यांनी शिकागो बेअर्सकडून पहिला क्रमांक घेतला. बदल्यात नववा आणि ६१वा क्रमांक, डी. जे. मूर हा त्यांचा सर्वांत चांगला झेल घेणारा खेळाडू, २०२४ ची पहिली फेरी आणि २०२५ ची दुसरी. त्यांनी ब्राइस यंग घेतला. लगेच दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टननं घेतलेला सी. जे. स्ट्राउड त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला. पँथर्स १७ पैकी दोन सामने जिंकले, त्यामुळे दिलेली पहिली फेरी सबंध लीगमधली पहिली निवड निघाली आणि शिकागोनं तिच्यावर केलेब विल्यम्स घेतला. प्रशिक्षक फ्रँक राइक यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलं होतं, फिटरर यांना जानेवारी २०२४ मध्ये. सौद्याचा शेवटचा हप्ता एप्रिल २०२५ मध्ये चुकता झाला: ३९व्या क्रमांकावर शिकागोनं ल्यूथर बर्डन निवडला. तोपर्यंत कॅरोलायनात नवे जनरल मॅनेजर आणि नवे प्रशिक्षक येऊन वर्षाहून अधिक काळ झाला होता.