दक्षिणेचं बी, उत्तरेची माती

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दरवर्षी 20 कोटींहून अधिक वनरोपं लावली जातात. जिथलं बी तिथेच लावायचं, हा तिथला जुना दंडक. आपला गावरान बियाण्यावर असतो तसाच हा भरवसा, अनुभवातून आलेला. तिथल्या थंडीत तगलेल्या झाडाचंच बी तिथे तगणार. पण थंडीच पूर्वीची राहिली नाही तर?

पाइन बीटल नावाच्या भुंगेऱ्याने हे आधी ओळखलं. कडाक्याच्या हिवाळ्यात सालीखालच्या त्याच्या अळ्या गारठून मरत. हिवाळे सौम्य झाले आणि त्याचं फावलं. सुमारे 1.8 कोटी हेक्टर जंगलाला, म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्राएवढ्या भूभागाला, त्याची झळ बसली.

अशा वेळी एक जुना प्रयोग कामी आला. 1974मध्ये लॉजपोल पाइनचं 140 ठिकाणचं बी जमवून त्याची रोपं 60 जागी लावली होती. कुठलं बी कुठे जोमाने वाढतं, एवढंच तेव्हा पाहायचं होतं. हवामानबदल कुणाच्या मनातही नव्हता. पण थंड भागातलं झाड उबदार जागी लावणं म्हणजे त्याला उद्याच्या हवेत उभं करणंच की! चाळीस-पन्नास वर्षांनी मिळणारं उत्तर आधीच जमिनीत वाढत होतं. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली हीच सर्वांत सुरस गोष्ट.

मग दक्षिणेचं बी सरसकट उत्तरेला न्यावं का? तिथेच मेख आहे. झाडं दिवसाची लांबी ओळखून वाढ थांबवतात. उत्तरेतले उन्हाळ्याचे दिवस लांब असतात. दक्षिणेचं रोप त्याने फसतं, वाढतच राहतं आणि पहिल्याच हिमकडाक्यात कोवळे शेंडे गमावतं. ऐंशी वर्षांनंतरची हवा त्याला मानवेलही, पण आधी यंदाचा हिवाळा निभायला हवा. म्हणून बी न्यायचं, पण बेताने. किती, हे ठरवायला 2009पासून युकॉन ते कॅलिफोर्निया 48 जागी नवी लागवड झाली. 2022पासून तर बियाण्याची निवड नकाशावरच्या हद्दींऐवजी हवामान जुळवून करणं प्रांतात सक्तीचं झालं.

त्याआधीच, 2010मध्ये, वेस्टर्न लार्चला मूळ मुलखाबाहेर लावायची परवानगी मिळाली होती. सूचिपर्णी असूनही हे झाड शरदात पिवळंधमक होऊन सुया गाळतं. त्यामुळे वायव्येकडच्या हिरव्या जंगलात ऑक्टोबर लागला की हे पाहुणे लांबूनही ओळखू येतात.