सहारात बंद पडलेलं इंजिन

११ डिसेंबर १९३४ला थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन लंडनहून केपटाउनला निघाल्या. वाहन होतं ६०० सीसीची, एकाच सिलिंडरची पँथर मोटरसायकल. बाजूला साइडकार, मागे सामानाचा ट्रेलर. वाट सहारातून, तीही होकायंत्राशिवाय!

वाळूत अशा लादलेल्या गाडीचे हाल होतात. चाक रुतत राहतं, खालच्या गिअरमध्ये इंजिन जीव तोडून ओढतं आणि वेग नसल्याने त्याला थंड करायला वारा मिळत नाही. तेल तापून पातळ झालं, की क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमधला तेलाचा थर तुटतो. धातूवर धातू घासू लागतो. इंजिनाच्या तळातून ठकठक ऐकू आली, की गाडी दामटणं म्हणजे इंजिनच गमावणं.

वाळवंटात पँथरच्या इंजिनाने दगा दिला. गाडी ओढत आगादेझ या गावी आणावी लागली. इंग्लंडहून सुटे भाग येईपर्यंत मुक्काम लांबला; मग इंजिन उघडून पुन्हा बांधलं. वॉलॅकचं इंजिनिअरिंगचं शिक्षण इथे कामी आलं. २९ जुलै १९३५ला दोघी केपटाउनला पोहोचल्या. विलक्षण जिद्द!

लादलेल्या गाडीला आजही जपावं लागतं, इंजिनाइतकंच टायरलाही. डबलसीट लांब जाताना मागच्या टायरमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेली, दोघांसाठीची हवा भरावी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, तापतो आणि भर रस्त्यात फाटू शकतो.