चार मजले वर, पण कोसभर लांब

तुमच्याच इमारतीखालच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला गावठी कुत्रा तुम्ही दत्तक घेतलात आणि वर चौथ्या मजल्यावर आणलात. परिसर तोच, माणसंही बरीचशी तीच. मग हा पठ्ठ्या सोफ्याखाली का दडतो? चिकनचा भात सोडून दाराच्या फटीला नाक लावून का बसतो?

कारण त्याचं जग नाकात असतं! वास टिपणाऱ्या पेशी आपल्याकडे साधारण पन्नास-साठ लाख, त्याच्याकडे वीस कोटींहून जास्त. आणि नाकाची करामत तर बघा: हुंगताना सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून बाहेर पडते, त्यामुळे समोरून येणारा ताजा वास विस्कटत नाही. खाली प्रत्येक खांब म्हणजे त्याचा नोटीस बोर्ड होता. कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी आहे, सगळं तिथे. वर काय? फिनाईल आणि डांबरगोळ्या. लिफ्टच्या एका फेरीत ओळखीचं सगळं गायब! म्हणून त्याचं जुनं कळकट गोणपाट धुऊ नका, तसंच कोपऱ्यात अंथरा. घरचे नाक मुरडतील, मुरडू द्या.

त्यात कान. आपल्याला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. कुकरची शिट्टी त्याला कशी लागत असेल?

अमेरिकेतल्या एका निवाऱ्यातल्या कुत्र्यांची रक्ततपासणी 1997 साली प्रसिद्ध झाली. ताण आला की वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक निवाऱ्यात आल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत सर्वांत चढं होतं. म्हणजे हट्ट नव्हे, रक्तातलं वादळ! या दिवसांत पाहुणे नकोत, आंघोळ तर नकोच.

पण विश्वास बसतो कसा? आयसर कोलकाता या संशोधन संस्थेच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने हे आपल्याच रस्त्यावरच्या कुत्र्यांना विचारलं, 2017 मध्ये. अनोळखी माणसाच्या हातावरचा खाऊ की जमिनीवरचा? कुत्र्यांनी जमिनीवरचा उचलला. मग पुढच्या भेटींत काहींना जादा खाऊ दिला, काहींना कुरवाळलं. बाजी कुणी मारली? कुरवाळणाऱ्यांनी! रस्त्यावर अन्नासाठी वणवण करणारा जीव खाण्यापेक्षा मायेला भुलतो, हे मला अजून खरं वाटत नाही. तेव्हा आधी वाटी जमिनीवर ठेवून बाजूला व्हा. तो स्वतः जवळ आला, की मग मानेखाली खाजवा.

आणि शेपटीकडे लक्ष ठेवा. मालक दिसला की ती उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असं इटलीतल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये मोजून दाखवलं. उजवीकडे म्हणजे त्याच्या उजवीकडे, तुमच्या नव्हे! गावठ्याची शेपूट वेटोळी असते, त्यामुळे जरा मागे उभं राहून निरखावं लागेल.