मैदान आणि गुणपत्रिका – लेखांक ६ : उंची मोजताना नववीचे मार्कही पाहा

बेंगळुरूला बास्केटबॉलचे सामने पाहायला जाणाऱ्यांना एक वाद तोंडपाठ असतो. सोळा वर्षांखालच्या गटात एखादी उंच मुलगी रिंगखाली उभी राहून तीन-चार रिबाउंड काढते आणि गॅलरीत चर्चा पेटते. एक म्हणतो, हिला आजच कुठल्यातरी मोठ्या कॉलेजनं उचलायला हवं. दुसरा विचारतो, दहावीला किती पडतील? तिसऱ्याचं ठरलेलं असतं : स्पोर्ट्स कोट्यातून कुठेही जाईल, मार्कांचं काय घेऊन बसलात. पालक दोन ओळी पुढे बसून हे ऐकत असतात आणि घरी गेल्यावर याच तिघांच्या मतांची भांडणं पुन्हा आपसात खेळतात.

मागच्या लेखांकात आपण शहरातले क्लब पाहिले. बीगल्स, यंग ओरायन्स यांच्यासारख्या क्लबांच्या कोर्टांवर हे शहर बास्केटबॉल शिकलं. श्री कंठीरवा इनडोअर स्टेडियमवर जुलै २०१७मध्ये भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तिनं भारताचं कर्णधारपदही सांभाळलं. दोनच वर्षांनी, २०१९मध्ये, याच शहरात अ गटात खेळताना भारत आठवा आला आणि २०२१च्या स्पर्धेनंतर पुन्हा खाली गेला. वरच्या गटात टिकायचं तर सतरा-अठराव्या वर्षानंतर मुली कुठे खेळतात, कुठे शिकतात, हा प्रश्न आला. म्हणून गॅलरीतला वाद मला फालतू वाटत नाही. तो नीट व्हावा, एवढंच म्हणणं आहे.

आधी खेळाची बाजू. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमध्ये आपण ज्याला गुणवत्ता म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा लवकर वयात येण्याचा असतो. ज्याची वाढ बाराव्या वर्षी झाली तो चौदाव्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकतो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात आणि त्याच्याकडे ना हँडल असतं, ना बाहेरून शूटिंग, कारण त्याला कायम रिंगखालीच उभं केलेलं असतं. जन्ममहिन्याचंही असंच. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये कॅनडाच्या आइस हॉकीत दाखवून दिलं की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडलेल्या संघांत फार जास्त भरतात. जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा कागदावर एकाच वर्षाचे, प्रत्यक्षात त्यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर. आपल्याकडे यात जन्मदाखल्यांच्या घोळाची भर पडते. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या गटासाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतं, ते त्यामुळेच.

उंचीबद्दल तर गॅलरीत भविष्यच सांगितलं जातं. त्याला साधं गणित आहे आणि ते डॉक्टर रोज वापरतात. आईवडिलांची सेंटिमीटरमधली उंची मिळवायची, मुलासाठी त्यात १३ मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे आणि आलेल्या आकड्याचे दोन भाग करायचे. वडील १७५, आई १६० असेल तर मुलाचा अंदाज १७४ आणि मुलीचा १६१. खरी उंची यापेक्षा आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. हा फरक बास्केटबॉलमध्ये फार मोठा आहे : तेवढ्यात पोस्टवर खेळणारी मुलगी गार्ड होते. म्हणून चौदाव्या वर्षी 'ही सहा फूट होणार' या एका वाक्यावर तिच्या सगळ्या शिक्षणाची आखणी करणं मला धोक्याचं वाटतं.

मुरलेले प्रशिक्षक काय पाहतात? तळव्यांची लांबी, पसरलेल्या हातांची लांबी, उडी मारून खाली आल्यावर पुन्हा किती लवकर उडते, हे सगळं पाहतातच. पण फ्री थ्रोकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. कोणी अडवायला नाही, रेषा ठरलेली, रिंग ३.०५ मीटरवर. तिथे हात किती स्थिर आहे त्यावरून पुढे ही मुलगी लांबून किती चांगलं मारेल याचा अंदाज बांधता येतो. आज तिनं चार सामन्यांत किती थ्री-पॉइंटर टाकले यापेक्षा तो बरेचदा जास्त विश्वासाचा असतो, असं अमेरिकेत खेळाडू निवडणारे विश्लेषक मानतात. आणि टाइमआउटमध्ये सांगितलेली गोष्ट पुढच्याच चढाईत करून दाखवणं. ही शिकण्याची क्षमता आहे. वर्गात आणि कोर्टवर ती वेगवेगळी नसते, पण आपण एकीला खेळ म्हणतो आणि दुसरीला अभ्यास.

अभ्यासाची बाजू निघाली की बेंगळुरूत लगेच तीन नावं पुढे येतात. अनिल कुंबळे १९९०मध्ये मँचेस्टरला पहिली कसोटी खेळले तेव्हा ते आर. व्ही. कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होते. जवागल श्रीनाथ म्हैसूरच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले. आणि आपल्या मराठी घरातले राहुल द्रविड : सेंट जोसेफमध्ये शाळा, तिथल्याच कॉमर्स कॉलेजात पदवी आणि भारतीय संघात निवड झाली तेव्हा एमबीएचा अभ्यास चालू. १९९१च्या फेब्रुवारीत पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी रणजी पदार्पण केलं आणि ८२ धावा काढल्या, तेही विद्यार्थिदशेत. हे तिघं या शहराचा खरा अभिमान आहेत. पण त्यांचं उदाहरण देऊन 'दोन्ही जमतं, फक्त मनावर घ्यायला हवं' असं कोवळ्या खेळाडूला सांगणं अन्यायाचं आहे. द्रविडांच्या आई पुष्पा द्रविड या विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेजात वास्तुकला शिकवत. ज्या घरात पुस्तकं, इंग्रजी आणि कुणाला काय विचारायचं याची माहिती आधीच आहे, तिथलं मूल सरावामुळे बुडालेला तास घरी भरून काढतं. हुबळीहून किंवा बेळगावहून क्रीडा वसतिगृहात आलेल्या मुलीला तो कोण भरून देणार?

इथे आपली व्यवस्था एकच उत्तर देते, ते म्हणजे सवलत. कर्नाटकात सामायिक प्रवेश परीक्षेच्या प्रक्रियेत खेळाडूंसाठी वेगळा कोटा आहे, प्रमाणपत्रांची पडताळणी होते, जागा मोजक्या. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. खासगी कॉलेजं फी माफ करतात, वसतिगृह देतात, हजेरीचं बघून घेतात. कॉलेजांमधली ही चुरस खरी आहे आणि तिचे फायदेही दिसतात : कोविडमुळे लांबलेल्या २०२१च्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२२मध्ये बेंगळुरूला झाल्या, तेव्हा यजमान जैन विद्यापीठ २० सुवर्णपदकांसह पहिलं आलं. या सवलती मिळायलाच हव्यात; दिवसातले चार-पाच तास घाम गाळणाऱ्या मुलाला त्या वेळेचं मोल मिळायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे. सवलत मार्कांची भरपाई करते, शिकण्याची करत नाही. मुलगी पास होते, प्रवेश मिळतो, संघ जिंकतो आणि तीन वर्षांत तिनं कोणता विषय समजून घेतला हे कुणीही विचारत नाही.

पूर्वी याचं पुढे फारसं बिघडत नसे, कारण शेवटी नोकरी होती. रेल्वे होती, बेंगळुरूत विजया बँकेचा नावाजलेला बास्केटबॉल संघ होता. ती बँक एप्रिल २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. रेल्वे अजूनही आधार आहे, पण एका राज्यातून दरवर्षी किती जणींना तिथे जागा मिळणार?

आता अमेरिकेचा रस्ता, ज्याबद्दल गॅलरीत सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी माहिती असते. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१०मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. सात फूट दोन इंच उंची. २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला भारतीय. पण तो कॉलेजात खेळला नाही. इंग्रजी आणि शालेय विषयांत मागे राहिल्यानं पात्रतेचा रस्ता त्याच्यासाठी खुला नव्हता आणि कॉलेज संघात तीन-चार वर्षं घडण्याची जी संधी त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडली असती, तीच हुकली. एनबीएचा एकही सामना न खेळता तो पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. याउलट बेंगळुरूचीच संजना रमेश एनबीए अकादमीच्या मुलींच्या कार्यक्रमातून ॲरिझोनातल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर गेली. उंची सतनामला भरपूर होती. त्याला अडवलं ते वर्गानं.

नियम असे आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, एनसीएए, पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांसाठी १६ मुख्य विषयांचा हिशेब मागते : इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्रांची दोन आणि उरलेली अशाच विषयांतून. त्यांची सरासरी ४ पैकी किमान २.३ लागते. सॅटसारख्या परीक्षेची अट २०२३मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळेच्या मार्कांचं वजन आणखी वाढलं. शारीरिक शिक्षणाचे मार्क यात धरत नाहीत. आणि आपल्याकडच्या पालकांना ज्याचा धक्का बसतो ती गोष्ट : हा हिशेब नववीपासून सुरू होतो.

नववी! आपल्याकडे नववी म्हणजे खेळाडूसाठी मोकळं रान. बोर्ड नाही, शाळा सांभाळून घेते, राज्य संघाची शिबिरं लागतात. त्या वर्षाची गुणपत्रिका पुढे कुणी मागेल असं कुणाला वाटतच नाही. मग दहावीनंतर शहाणी माणसं सल्ला देतात की सरावाला वेळ हवा ना, मग पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, आर्ट्स घे, किंवा गणित नसलेलं कॉमर्स घे. सल्ला प्रेमानं दिलेला असतो. पण गणिताची दोन वर्षं नववी-दहावीत झाली, तिसरं कुठून आणायचं? अकरावीत गणित सोडलं की त्या १६ विषयांच्या चौकटीत भोक पडतं आणि ते दोन वर्षांनी, कुठल्यातरी अमेरिकी प्रशिक्षकाचा निरोप आल्यावर कळतं. महाराष्ट्रातही हेच चालतं. पुण्या-नागपूरच्या पालकांनी हे स्वतःसाठी वाचावं.

दुसरा सापळा 'ड्रॉप'चा. वर्षभर थांबू, नीट तयारी करू, ही आपल्याकडची सर्रास सवय. एनसीएएच्या हिशेबात नववीपासूनची चार वर्षं ठरलेल्या वेळेत पूर्ण व्हावी लागतात. त्यानंतर मुख्य विषयांत फक्त एकाची भर घालता येते. बास्केटबॉलमध्ये शाळा संपल्यावर साधारण वर्षभराच्या आत कॉलेजात दाखल झालं नाही आणि मधल्या काळात स्पर्धा खेळल्या, तर खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. पगार घेऊन एखाद्या विभागाच्या संघातून खेळलं असेल तर वेगळीच चौकशी. हे नियम सध्या वेगानं बदलताहेत, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचा मजकूर स्वतः वाचावा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये.

अमेरिकेची व्यवस्था निर्दोष आहे असं मी अजिबात म्हणत नाही. १९८६मध्ये तिथे अभ्यासाची किमान अट आली तेव्हा गरीब शाळांतून येणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना तिचा सगळ्यात जास्त फटका बसला. ती आणखी कडक करायचं ठरलं तेव्हा, जानेवारी १९८९मध्ये, जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू व्हायच्या वेळी निषेध म्हणून कोर्टवरून निघून गेले. त्यांचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे : मार्कांची रेषा सगळ्यांना सारखी असली तरी तिथपर्यंत पोहोचायचे रस्ते सारखे नसतात. मात्र अटीसोबत तिथल्या कॉलेजांवर एक जबाबदारीही आली. संघातले खेळाडू अभ्यासात पुढे सरकतात की नाही याचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो आणि तो घसरला तर संघावर कारवाई होते. त्यासाठी शिकवण्या, अभ्यासाचे ठरलेले तास, प्रवासात परीक्षेची सोय, हे सगळं कॉलेजला करावं लागतं. आपल्या विद्यापीठ स्पर्धांच्या पदकतक्त्याशेजारी असा एक रकाना असता, कोणत्या संघातल्या किती जणींनी पदवी पूर्ण केली याचा, तर फी माफ करणाऱ्या कॉलेजांमध्ये पालकांना निवड करता आली असती.

तो रकाना येईपर्यंत पालकांनीच विचारायचं आहे. कॉलेजचा माणूस घरी येऊन फी आणि वसतिगृहाचं सांगू लागला की पहिला प्रश्न हा असावा : स्पर्धेमुळे बुडालेले तास कोण घेणार आणि कधी? दुसरा, तीन वर्षांपूर्वी ज्या संघाला प्रवेश दिला त्यातल्या किती मुली पास झाल्या? आणि घरात नववीतली खेळाडू असेल तर तिची या वर्षीची गुणपत्रिका जपून ठेवा, अकरावीला गणित सोडण्याआधी दोनदा विचार करा. ती अमेरिकेला गेली नाही तरी यातलं काही वाया जात नाही.

पुढच्या लेखांकात दुखापतींकडे वळू : गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त का असतं, आणि त्या सहा-नऊ महिन्यांत कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि हजेरी यांचं काय होतं.