ॲलन पेज: करंगळी वाकडी, कणा ताठ
अमेरिकन फुटबॉलमध्ये हार-तुरे मिळतात ते चेंडू फेकणाऱ्याला नाहीतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला. त्यांना आडवं पाडणारे बचावपटू मात्र फक्त धुळीचे धनी! हा रिवाज १९७१मध्ये मोडला मिनेसोटा वायकिंग्ज संघाच्या ॲलन पेज यांनी. असोसिएटेड प्रेसचा मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार तोवर एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. पुढेही तो फक्त एकाच बचावपटूला मिळाला, १९८६मध्ये लॉरेन्स टेलरला.

वायकिंग्जची जर्सी जांभळी. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांच्या फळीला लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणत, म्हणजे माणसं खाणारे जांभळे राक्षस! संघ चारदा ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि चारही वेळा हरला.

पेज यांचा जन्म १९४५चा, ओहायोतल्या कँटन गावचा. व्यावसायिक फुटबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ याच गावात उभं राहिलं आणि त्याच्या बांधकामावर शाळकरी पेज यांनी मजुरी केली. १९८८मध्ये त्याच वास्तूत त्यांचा सन्मान झाला.

पण खरी गंमत खेळाबाहेर आहे. मोसम चालू असतानाच हे गृहस्थ कायदा शिकत होते. १९७८मध्ये पदवीही घेतली. पत्नी डायान सिगारेट सोडण्यासाठी धावू लागल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर हेही धावू लागले. वजन उतरलं, संघाला ते रुचलं नाही आणि पेज यांना नारळ मिळाला. शिकागो बेअर्सनं त्यांना अवघ्या १०० डॉलरमध्ये उचललं! १९७९मध्ये त्यांनी मॅरेथॉन पुरी केली. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळत असलेल्या खेळाडूनं असं करण्याची ही पहिलीच वेळ.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं आणि मिनेसोटात तिथले न्यायाधीश मतदार निवडतात. १९९२मध्ये पेज निवडून आले. त्या न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. नंतर तीनदा पुन्हा जिंकले आणि सत्तरीच्या नियमाप्रमाणे २०१५मध्ये निवृत्त झाले. ओळखीची खूण बो-टाय. आणि हो, ट्विन सिटीज मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याकडेला उभं राहून धावपटूंसाठी ट्यूबा वाजवणंही त्यांच्या आवडीचं!

डाव्या हाताची त्यांची करंगळी खेळात निखळून काटकोनात वळली, ती तशीच राहिली. मुलं टक लावून बघत. मग शिक्षिका असलेल्या कॅमी या लेकीबरोबर त्यांनी २०१३मध्ये त्या करंगळीवरच बालपुस्तक लिहिलं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं शिक्षणाचं वेड. संघाच्या बैठकीत डावपेचांची वही वाचायला सांगितली, तेव्हा काही सहकाऱ्यांना ती धड वाचता येईना. हे पेज विसरले नाहीत. १९८८च्या सन्मान सोहळ्यात ते शिक्षणावरच बोलले. स्वतःची ओळख करून द्यायलाही त्यांनी मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेलाच बोलावलं होतं. त्याच वर्षी पेज पती-पत्नींनी शिष्यवृत्तीसाठी प्रतिष्ठान काढलं. अट अशी: पैसे घेणाऱ्यानं लहान मुलांना वेळ द्यायचा, त्यांना अभ्यासाची गोडी लावायची. इतकी नेमकी अट मी दुसऱ्या कुठल्या शिष्यवृत्तीत पाहिलेली नाही.

२०१८मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी जुनं नाव बदलण्याचा आग्रह धरला होता. २०१७पासून ती शाळा ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’ आहे.