सकाळीच दमणारा संगणक

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महाप्याकडे वळले की दोन युगे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्याच्या खाडीपलीकडे जी वसाहत उभारली, तिचाच हा भाग. एका बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड्स, तर दुसऱ्या बाजूला मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती आणि अहोरात्र घुमणारी डेटा सेंटरे. आणि याच महाप्यात, एखाद्या लहानशा कारखान्याच्या कचेरीत, सकाळी नऊ वाजता काय चालते? हिशेबनीस संगणकाचे बटण दाबतात आणि चहा सांगतात. चहा येतो, संपतो, पेलाही परत जातो. पडद्यावरचे चक्र मात्र फिरतेच आहे! जी.एस.टी.चे विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस असला म्हणजे मालकांचाही धीर सुटतो. “हा डबा आता भंगारात काढा!” असा निकाल लागतो.

मालकसाहेब, जरा थांबा. आरोपीचे म्हणणे तर ऐकून घ्या!

एक बंब आणि सारे घर

नरकचतुर्दशीची पहाट आठवा. बंब एकच आणि आंघोळीला सारे घर एकदम हजर. पाणी तापते आहे तेवढेच, पण प्रत्येकाला ते आत्ताच हवे. संगणकाची सकाळ नेमकी अशीच असते. आपण एखादा नवा प्रोग्रॅम घेतो. तो संगणकात शिरतानाच “मालक आले की मीही हजर राहीन” अशी आपली वर्दी गुपचूप लावून ठेवतो. प्रिंटरचा मदतनीस, गप्पांचा प्रोग्रॅम, सभांचा प्रोग्रॅम, गाण्यांचा प्रोग्रॅम, शिवाय प्रत्येकाच्या नव्या आवृत्तीची चौकशी करणारा हरकाम्या, असे पंधरा-वीस जण उंबऱ्यावर जमतात.

जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असते. तिची तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावरचा मजकूर वाचणाऱ्या सुया सगळ्या एकाच दांड्याला बांधलेल्या. एकाने हाक मारली की दांडा तिकडे धावतो, तोच दुसऱ्याची हाक येते. वाचण्यापेक्षा धावण्यातच वेळ जातो. संगणक आळशी नसतो, बिचारा भांबावलेला असतो!

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला, तेव्हा ही आपत्ती नव्हती. तो एका वेळी एकच काम करी. आज यंत्रे कितीतरी पटींनी वेगवान झाली, पण पाहुणेही त्याच मानाने वाढले.

दारावर पहारा

उपाय घरच्या घरी करता येतो आणि त्याला दिडकी लागत नाही. विंडोज ८, १० किंवा ११ असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचे पान आहे. हीच उंबऱ्यावरच्या मंडळींची यादी. कोण किती भार टाकतो, हेही तेथे ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ अशा शब्दांत लिहिलेले असते. नको असलेल्या नावावर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ म्हणावे. एवढ्याने तो प्रोग्रॅम पुसला जात नाही. बोलावल्यावाचून यायचे नाही, इतकेच त्याला बजावले जाते. हवा तेव्हा आपण तो उघडू शकतो आणि ‘एनेबल’ म्हटले की त्याची जुनी वहिवाट पुन्हा सुरू होते.

एका वेळी दोन-तीन नावेच बंद करावी आणि घड्याळ लावून फरक पाहावा. मात्र ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावे. कारण विंडोज बंद होताना आपला काही भाग पुष्कळदा डिस्कवर जपून ठेवते; खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्टनेच.

घरच्यांना हाकलू नका

उत्साहाच्या भरात सरसकट झाडू फिरवणे मात्र धोक्याचे. विषाणूंपासून रक्षण करणारा प्रोग्रॅम हा घराचा राखणदार. त्याला हात लावू नये. मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम बंद केलात, तर दुसऱ्या दिवशी पत्राचा ‘श्री’ उमटायचा नाही. डिजिटल सहीच्या टोकनाचा प्रोग्रॅम बंद असला, तर ऐन मुदतीच्या दिवशी सही अडून बसेल. फायलींची नक्कल दूरच्या साठ्यात ठेवणारा प्रोग्रॅम थांबवला, तर ती नक्कल होणे थांबेल आणि डिस्क बिघडेल त्या दिवशीच ते ध्यानात येईल. ज्याचे नाव ओळखीचे नाही, त्याची चौकशी आधी करावी, शिक्षा मागाहून.

आणि ‘एका क्लिकमध्ये संगणक वेगवान’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रॅमांपासून सावध! त्यांतले कित्येक स्वतःच उंबऱ्यावर ठाण मांडून बसतात.

एवढे करूनही गती येत नसेल, तर फिरती डिस्क काढून एस.एस.डी. बसवावी, तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे धावाधावही नाही. मात्र एक गोष्ट विसरू नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक वेगवान झाला म्हणून सुरक्षित झाला असे नव्हे. तेथे विंडोज ११ चालते का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

दिवाळीत आपण माळा झाडतो, अडगळ काढतो. त्याच आठवड्यात पाच मिनिटे या यादीवरही नजर टाकावी. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढे करून पाहायला काय हरकत आहे?